प्रिंटर चालू झाला, दार उघडं राहिलं

१४ सप्टेंबर २०२१. घरोघरी गौरींचं विसर्जन झालं आणि त्याच रात्री विंडोजचं त्या महिन्याचं अपडेट आलं. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेच्या दुरुस्त्या सोडते. अमेरिकेत तेव्हा सकाळ असते, आपल्याकडे रात्र. पुढच्या दिवसांत ऑफिसं उघडली तसे जगभर प्रिंटर रुसू लागले. करसल्लागाराच्या ऑफिसात असते ती मांडणी डोळ्यांपुढे आणा. एका पीसीला यूएसबीने जोडलेला प्रिंटर, बाकीचे तिघेचौघे शेअरिंगवर. प्रिंट दिली की पडद्यावर एरर, शेवटी ‘११बी’ ही अक्षरं. १९ला अनंत चतुर्दशी, २०ला जीएसटीचं ३बी. अशा वेळी कॉम्प्युटरवाल्याला फोन जातो, तो येतो, ताजं अपडेट अनइन्स्टॉल करतो, मशीन रीस्टार्ट करतो. प्रिंट बाहेर!

पण त्या एका क्लिकसरशी आणखी काय काय गेलं? विंडोजचं मासिक अपडेट अख्ख्या गठ्ठ्याने येतं. त्यातली एक दुरुस्ती नको म्हणून काढायला गेलं की सगळीच निघतात. त्या सप्टेंबरच्या गठ्ठ्यात दुसरी एक दुरुस्ती होती. सापळा लावलेली वर्ड फाइल उघडली की पीसीचा ताबा बाहेरच्याला मिळावा अशी फट सापडली होती, आणि कंपनीने ती ७ सप्टेंबरला जाहीर केली तेव्हा चोरटे तिचा वापर करतही होते. ज्या ऑफिसात अशिलांच्या फाइली दिवसभर मेलवर येऊन पडतात, तिथे प्रिंटरसाठी नेमकं हेच दार उघडं राहिलं.

प्रिंटर रुसण्यामागेही कारण होतं. छपाईचं काम सांभाळणारा ‘प्रिंट स्पूलर’ जवळपास प्रत्येक विंडोज पीसीवर सर्वोच्च अधिकारांनिशी चालतो. जून २०२१ अखेरीस त्यातली फट फोडायचा कोड चुकून जगजाहीर झाला. तिचं नाव पडलं ‘प्रिंटनाइटमेअर’. ६ जुलैला मायक्रोसॉफ्टने मंगळवारची वाट न पाहता तातडीची दुरुस्ती सोडली, अगदी निवृत्त झालेल्या विंडोज ७साठीसुद्धा. त्या अपडेटनंतर पावत्या आणि लेबलं छापणारे काही यूएसबी प्रिंटर अडले, म्हणजे बिलिंग काउंटरवरच घाव. सप्टेंबरमध्ये शेअर केलेल्या प्रिंटरशी जोडताना होणारी पडताळणी कडक झाली, आणि ११बी उगवला.

म्हणून ‘या अपडेटमध्ये बग आहे, टाकू नका’ असा व्हॉट्सअ‍ॅप सल्ला मला अर्धवट वाटतो. बग कशात नसतो? सॉफ्टवेअरतज्ज्ञ फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ सालीच लिहून ठेवलंय की एक दोष दुरुस्त करताना दुसरा घुसण्याची शक्यता वीस ते पन्नास टक्के असते. जाहीर झालेला बग त्यातल्या त्यात बरा. मायक्रोसॉफ्टच्या ‘रिलीज हेल्थ’ पानावर तो कुणाला, कुठल्या मशीनवर, कशामुळे होतो ते लिहिलेलं असतं. आपलं मशीन त्यात बसतं का, एवढं पाहायचं. बसत असेल तर पुढचा प्रश्न, तेवढं काम दुसऱ्या वाटेने निघेल का. ११बीच्या बाबतीत निघत होतं. चार दिवस पीडीएफ करून प्रिंटर जोडलेल्या पीसीवरून छापता आलं असतं. अगदीच अडलं तर रजिस्ट्रीतली ती एकच पडताळणी तात्पुरती बंद करता येत होती. तेही धोक्याचंच, पण निदान बाकीचा गठ्ठा जागेवर राहिला असता.

नव्या सोयींच्या मोठ्या अपडेटचा हिशेब मात्र अगदी वेगळा. तिथे घाई करणाऱ्याच्या पदरात काय पडतं? २ ऑक्टोबर २०१८ला आलेल्या विंडोज १०च्या अपडेटने काहींच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइली पुसल्या. ज्यांनी ते फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर वळवलं होतं, त्यांचं मूळ जागेवरचं फोल्डर रिकामं समजून आतल्या फाइलींसकट उडवलं गेलं. चाचणी करणाऱ्यांपैकी काहींनी हे आधीच कळवलं होतं, पण तक्रारींना मतं कमी पडल्यामुळे त्या तळाशी राहिल्या. (फाइली गेल्या, ही काय मतांवर ठरवायची गोष्ट आहे?) चारच दिवसांत अपडेट थांबवलं आणि १३ नोव्हेंबरला पुन्हा आणलं. दीड महिना थांबलेल्यांचं काडीचंही नुकसान झालं नाही.

सुरक्षेच्या दुरुस्तीला तेवढं थांबणं परवडत नाही. किती थांबावं, यावर २००२ साली स्टीव्ह बीटी आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. दहावा आणि तिसावा दिवस सोयीचा, असं उत्तर निघालं. आज तिसावा दिवस मी कुणालाही सांगणार नाही. वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने पकडलेल्या मशीनसाठी दुरुस्ती १४ मार्च २०१७ला आली होती, हल्ला १२ मे रोजी झाला. तेव्हा मधे जवळपास दोन महिने मिळाले, पण वर्ड फाइलीच्या त्या फटीचा वापर तर दुरुस्ती येण्याआधीच सुरू होता. विंडोज १०मध्ये अपडेट पाच आठवडे थांबवता येत होतं, पण माझ्या मते आठवडा पुरे. तेवढ्यात मोठे घोळ उघडकीला येतात. चार-पाच पीसी असतील तर आधी एकावर टाका, आणि तो पीसी प्रिंटर जोडलेला असावा.

एवढं करूनही कधीकधी निर्णय आपल्या हातात नसतो. १९ जुलै २०२४च्या सकाळी क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीची एक छोटी अपडेट फाइल गेली आणि ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. सावध ग्राहकांनी मुख्य सॉफ्टवेअर मुद्दाम एक आवृत्ती मागे ठेवलं होतं. पण ही फाइल त्या नियमात बसत नव्हती, ती सगळ्यांनाच गेली. ७८ मिनिटांत ती मागे घेतली, तरी बंद पडलेली असंख्य मशीन सेफ मोडमध्ये नेऊन एकेक करून हाताने सोडवावी लागली. ज्यांच्या डिस्कवर बिटलॉकरचं कुलूप होतं, त्यांच्याकडे त्याआधी ४८ आकडी किल्ली मागितली गेली. ही किल्ली बऱ्याच घरगुती लॅपटॉपनाही असते आणि मायक्रोसॉफ्ट खात्यात पडून असते. पुढच्या अपडेटला हो म्हणण्याआधी ती कागदावर उतरवून घ्या.