परदेशात खोली नव्हे, खाट भाड्याने
युरोपातल्या हॉटेलांचे दर पाहून प्रवासच रद्द करण्याआधी यूथ हॉस्टेलचा विचार जरूर करावा. रिचर्ड शिरमान या जर्मन शिक्षकाने 1912 मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात असे पहिले कायमस्वरूपी हॉस्टेल उघडले. अशा हॉस्टेलांत भाडे खोलीचे नव्हे, खाटेचे असते. म्हणून एकट्या प्रवाशाचा खर्च बराच उतरतो. अनेक हॉस्टेलांत सामाईक स्वयंपाकघरही असते, आणि शाकाहारी माणसाला परमुलखात वरणभात शिजवता येणे ही लहान सोय नव्हे. (जर्मनीत मात्र भाड्यातच न्याहारी देण्याची पद्धत अधिक.) ही जागा फक्त तरुणांची, हा समज चुकीचा आहे, बहुतेक ठिकाणी कमाल वयाची अट नसते, आणि अनेक ठिकाणी कुटुंबासाठी वेगळ्या खोल्या, स्त्रियांसाठी स्वतंत्र कक्ष मिळतात. सामानाची धास्ती रास्त आहे, म्हणून लॉकरसाठी स्वतःचे कुलूप न्यावे. चौघे एकत्र निघाले असतील, तर खाटांचा हिशेब एखाद्या छोट्या फ्लॅटच्या भाड्याशी ताडून पाहावा.