प्लाझ्मा नायट्रायडिंग : पोलादाच्या पृष्ठभागाचे कठिनीकरण आणि जालन्यातील उद्योगांच्या दृष्टीने त्याची उपयुक्तता

प्रस्तावना :

बियाणे आणि पोलाद या दोन उद्योगांमुळे जालना जिल्ह्याची ओळख निर्माण झाली आहे. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार इंडक्शन भट्टीत वितळवून त्याचे बिलेट ओतले जातात आणि रोलिंग मिलमध्ये त्यांपासून बांधकामाच्या टीएमटी सळया तयार होतात. मात्र ही उत्पादने घडविणाऱ्या यंत्रांची झीज हा विषय सहसा दुर्लक्षित राहतो. झिजेची सुरुवात पृष्ठभागापासून होते. संपूर्ण भाग कठीण केल्यास तो ठिसूळ बनतो. म्हणून गाभा चिवट ठेवून केवळ पृष्ठभाग कठीण करणे हिताचे ठरते. प्लाझ्मा नायट्रायडिंग ही त्यासाठीची एक पद्धत होय. ती कोठे उपयोगी पडते आणि कोठे नाही, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी :

१९२० च्या दशकात जर्मनीतील एसेन येथील क्रुप कारखान्यात आडोल्फ फ्राय यांनी अमोनिया वायूद्वारे नायट्रायडिंगचा अभ्यास केला. पोलादात ॲल्युमिनियम, क्रोमियम यांसारखी मूलद्रव्ये असल्यास पृष्ठभाग विशेष कठीण होतो, असे त्यांना आढळले. १९३० च्या दशकात बर्नहार्ड बर्गहाउस यांनी याच कामासाठी विद्युत् विसर्जनाचा वापर केला. भारतात गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने १९९७ मध्ये औद्योगिक प्लाझ्मा तंत्रज्ञानासाठी स्वतंत्र केंद्र स्थापन करून हे तंत्र उद्योगांपर्यंत पोहोचविले.

प्रक्रिया :

स्वच्छ केलेले यंत्रभाग निर्वात पात्रात ठेवून त्यात नत्र व हायड्रोजन यांचे मिश्रण सुमारे १ ते १० मिलीबार इतक्या अल्प दाबाने सोडतात. यंत्रभाग ऋणाग्र व पात्राची भिंत धनाग्र करून काहीशे व्होल्टचा विद्युत् दाब दिला असता वायूचे आयनीभवन होते. या अवस्थेस परिभाषेत आयनद्रायू म्हणतात. धन आयन यंत्रभागावर वेगाने आदळतात. त्यामुळे पृष्ठभाग स्वच्छ होतो, तापतो आणि नत्राचे अणू आत शिरू लागतात. तापमान साधारणपणे ४०० ते ५८० अंश सेल्सिअस असते. कार्बुरायझिंगप्रमाणे ९०० अंशांपर्यंत तापवून पुढे तेलात विझविण्याची गरज नसल्याने भाग फारसा वाकत नाही.

बाहेर काही मायक्रॉन जाडीचा लोह नायट्राइडचा थर व त्याखाली मिलिमीटरच्या काही दशांशांपर्यंत विसरण थर तयार होतो. नत्राचे प्रमाण कमी ठेवून बाहेरचा ठिसूळ थर मर्यादित करता येतो, हा या पद्धतीचा महत्त्वाचा लाभ होय.

जालन्याच्या संदर्भात उपयोग :

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. जालन्यातील मुख्य उत्पादन असलेल्या टीएमटी सळईला या प्रक्रियेची गरज नाही. सळईचा बाह्य थर गरम अवस्थेतच पाण्याच्या झोताने कठीण केलेला असतो. शिवाय कठीण नायट्राइड तयार करणारी मूलद्रव्ये त्या साध्या कार्बन पोलादात मुद्दाम घातलेली नसतात. रोलिंग मिलचे ओतीव रोळही योग्य उमेदवार नव्हेत, कारण त्यांच्या खाचा वेळोवेळी लेथवर पुन्हा कापाव्या लागतात आणि त्यात हा पातळ थर निघून जातो.

खरा उपयोग इतरत्र आहे. क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाचे गिअर व शाफ्ट, गरम फोर्जिंगचे साचे, ॲल्युमिनियम डायकास्टिंगचे साचे, तसेच प्लास्टिक नळ्या बनविणाऱ्या एक्स्ट्रूडरचे स्क्रू यांवर ही प्रक्रिया लाभदायक ठरते. साच्यांच्या पोलादात सुमारे १००० व्हिकर्स कठिनता मिळू शकते.

मर्यादा :

मऊ गाभ्यावरील पातळ कठीण थर जड भाराखाली अंड्याच्या कवचाप्रमाणे फुटतो. म्हणून गाभा आधीच विझवून व टेम्पर करून घ्यावा लागतो आणि टेम्परिंगचे तापमान नायट्रायडिंगच्या तापमानाहून अधिक ठेवावे लागते. खोल व अरुंद छिद्रांत अतितापाचा धोका असतो. यंत्रसामग्रीचा प्रारंभिक खर्चही अधिक आहे.

पर्यावरणीय बाजू :

क्षारकुंड पद्धतीत सायनाइडयुक्त क्षार वापरले जातात व धुण्याच्या पाण्यावर प्रक्रिया करणे अनिवार्य ठरते. प्लाझ्मा पद्धतीत असे सांडपाणी निर्माण होत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात पाण्याची तीव्र टंचाई सोसलेल्या या जिल्ह्यात हा मुद्दा गौण मानता येणार नाही.

समारोप :

प्रक्रिया आधुनिक आहे एवढ्यावरून तिची निवड करणे योग्य नव्हे. पोलादाची रासायनिक घटना, गाभ्याची कठिनता, येणारा भार आणि झिजेचे स्वरूप या चार बाबी आधी तपासाव्यात. चुकीच्या पोलादावर केलेला खर्च वाया जातो. योग्य पोलादावर केलेला खर्च यंत्राचे आयुष्य वाढवितो. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी स्थानिक कारखान्यांतील झिजलेले भाग अभ्यासासाठी घेऊन त्यांचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले व खोलीनुसार कठिनता मोजली, तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि अभियांत्रिकी या तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना त्यातून शिकता येईल, आणि कारखानदारासही निर्णयासाठी विश्वसनीय आधार मिळेल.