भिंतीवर टांगलेलं, पाटावर मांडलेलं

मंडळी, गेल्या वेळी आपण संग्रह म्हणजे काय, इथपर्यंत आलो होतो. वस्तू वापरातून बाहेर पडते आणि नुसती पाहण्याची होते, तेव्हा ती संग्रहात जाते, हा क्रिश्तोफ पोमियान या पोलिश इतिहासकाराचा विचार आपण पाहिला. पितळी तांब्या शोकेसमध्ये गेला की तो पाण्याचा राहिला नाही, एवढं सोपं. पण बंदुकीचं काय? ती भिंतीवर टांगली म्हणून वापरातून बाहेर पडली का? आम्हाला वाटतं, नाही. तांब्याचं तांब्यापण आपल्या सवयीत असतं. बंदुकीचं तिच्या नळीत.

हा हवेतला प्रश्न नाही बरं का. नायगाव, ना. म. जोशी मार्ग, वरळी इथल्या बीडीडी चाळींच्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या जागी ५०० चौरस फुटांची घरं होत आहेत. लालबाग-परळच्या, गिरगावच्या इतर चाळींचंही तेच. माळे रिकामे होतात, ट्रंका उघडतात. गिरणगावातली पुष्कळ घरं साताऱ्याहून, रत्नागिरीहून आलेली. साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. अशा मुलखातून आलेल्या ट्रंकेत कधी तलवारीचं पातं निघतं, कधी संगीन, क्वचित ठासणीची बंदूकही. आणि नव्या हॉलमध्ये, टीव्हीच्या वर, घराण्यात पहिल्यांदाच एक अख्खी भिंत मोकळी असते. मोह होणारच.

तर आधी बंदुकीचं. जुनी ठासणीची बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेट घेते. नळीत डोकावू नये, गज घालून पाहू नये, नातवाच्या हाती तर मुळीच देऊ नये. टॅक्सीत घालून पोलीस ठाण्यातही नेऊ नये. फोन करून विचारावं आणि जाणकाराकडून तपासून घ्यावी.

कायदा थोडक्यात सांगतो. १८७८च्या कायद्याने इंग्रजांनी आपल्या लोकांवर परवान्याची सक्ती केली आणि गोऱ्यांना सूट दिली. शस्त्र म्हटलं की आपल्या घरात आवाज खाली येतो, त्यात याचा वाटा असावा. आज १९५९चा कायदा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला साधारणपणे दोनच बंदुका ठेवता येतात, आणि वारशाने आलेलीही त्यात मोजतात. दुरुस्त करूनही चालणार नाही असं पुराणवस्तूच्या मोलाचं हत्यार कायद्याबाहेर आहे. पण ते चालणार नाही हे ठरवणारे आपण नव्हे. नऊ इंचांहून लांब पात्याचीही नोंद कायद्यात आहे, स्वयंपाकाच्या किंवा शेतीच्या कामाची सोडून. आणि परवान्याची, चालती बंदूक? तिची जागा कुलपात. तिला शोभेची म्हणूच नये.

आता मांडणी. लोक काय काय करतात! पडद्याच्या दांड्याचे ब्रॅकेट, कपड्यांच्या खुंट्या, थेट खिळे. नव्या प्लायवूडवर मखमल ताणून त्यावर तलवार, हे तर फारच आवडतं. दिसायला छान, पण नव्या लाकडातून आंबट वाफ सुटते, मखमल ओल धरते, आणि आपली हवा खारी. चामड्याच्या म्यानात पातं कायमचं ठेवलं तरी तेच; म्यान शेजारी ठेवावं. बाहेरची, पावसात ओल येणारी भिंत नको. धुतलेल्या सुती कापडाने गुंडाळलेल्या दोन लाकडी खुंट्या पुरतात. वजन दोन्हींवर सारखं यावं आणि भोक भिंतीला पडावं, हत्याराला नव्हे. सगळ्यात चांगली युक्ती म्हणजे जुनं, काचेच्या दाराचं कपाट. त्याला कुलूप असतं. लाकूड जुनं, म्हणून वाफही कमी. पातळ तेलाचा हात पुरे. पितळेच्या पॉलिशने घासलं की पात्यावरचं सगळं वय निघून जातं.

लालबाग-परळात गणपतीच्या देखाव्यांना हुबेहूब हत्यारं करणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडून प्रतिकृती करून ती भिंतीवर लावावी, खरी कुलपात ठेवावी, असंही कुणी सुचवतं. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला यात गंमत वाटते; प्लेटोला वाटली नसती. पण अडचण अशी, की मग पाहुण्याला आपण नक्की काय दाखवतो? आजोबा, की आपली भिंत?

खरं तर आपल्याकडे शस्त्र दाखवण्याची रीत होतीच. खंडेनवमीला, दसऱ्याला ट्रंक उघडायची, पातं पुसायचं, पाटावर मांडायचं, झेंडूचं फूल, हळदकुंकू. गिरणीत त्याच वेळी मागालाही झेंडूची माळ. शेजारी यायचे, कुणीतरी विचारायचं, हे कुणाचं? मग घरातलं थोरलं माणूस सांगायचं. दुसऱ्या दिवशी परत ट्रंकेत. टांगलेली वस्तू आठ दिवसांत दिसेनाशी होते, घड्याळासारखी. मांडलेली वस्तू वर्षातून एकदा दिसते, पण दिसते. आणि ती कुणीतरी हाताने काढलेली असते, कुणीतरी पुन्हा ठेवणार असतं. शस्त्र कुणाच्या ताब्यात आहे, हे त्या दिवशी सगळ्या घराला कळतं. टांगलेल्या बंदुकीबद्दल ते कुणालाच ठाऊक नसतं. घरात आलेल्या दहा वर्षांच्या मुलाला तर नाहीच.

म्हणून कुणी विचारलं तर आम्ही म्हणतो: भिंतीवर आजोबांचा फोटो लावा, गावाचं नाव आणि वर्ष लिहा. पातं कपाटात, कागदपत्रं त्याच कपाटात वरच्या फळीवर. पाट नव्या घरात नेलाय ना, तेवढं बघा. सामान हलवताना तो बहुतेक वेळा भंगारात जातो.