खरं नाव कुणाला सांगायचं?

उर्सुला ले ग्विन यांची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ही किशोरांसाठीची कादंबरी १९६८ सालची. जादूची शाळा तीतही आहे, पण तिथल्या विद्यार्थ्यांचा पुष्कळ वेळ नावं पाठ करण्यात जातो. त्या जगात प्रत्येक वस्तूला एक खरं नाव असतं. ते ज्याला ठाऊक, त्याची तिच्यावर सत्ता. म्हणून माणसं स्वतःचं खरं नाव लपवतात, अगदी विश्वासातल्यालाच सांगतात.

नाव आणि वस्तू यांचं नातं निसर्गानं जोडलेलं की संकेतानं ठरवलेलं, हा प्लेटोच्या ‘क्रॅटिलस’मधला वाद. आपल्याकडे मीमांसक ते नातं नित्य मानतात, नैयायिक संकेत मानतात. (वर्गात हे सांगू नका, मुलं झोपतील.)

आता शिक्षकांचा प्रश्न. ‘जादूची गोष्ट लिहा’ म्हटलं की तीसच्या तीस वह्यांत ड्रॅगन आणि छडी येते. याचं कारण आपण मुलांना जग उसनं देतो, प्रश्न देत नाही. प्रश्न असा द्या: गावात एका माणसाचं खरं नाव फक्त एकालाच ठाऊक आहे. कुणाला? त्यानं ते का सांगितलं? बघा, इथं जादू न आणताही गोष्ट सुरू होते, कारण कुणीतरी काहीतरी पणाला लावलेलं असतं.

आणि हे आपल्या मुलांना परकं नाही. नवऱ्याचं नाव न घेणारी आजी, ते घ्यायला मुभा देणारा उखाणा, लग्नात तांदळात लिहिलेलं सुनेचं नवं नाव! मग तिचं जुनं नाव कुठं जातं? हा विषय नववीच्या मुलींना द्या. ‘शाळेची घंटा बोलू लागली तर’पेक्षा तो नक्कीच जड आहे, पण त्या पेलतात.

कादंबरीतला गेड ईर्षेपोटी मृतात्म्याला बोलावतो, तेव्हा एक सावली जगात शिरते. तो आधी तिच्यापासून पळतो, पुढं तिचाच पाठलाग करतो, आणि अखेर तिला स्वतःच्याच नावानं हाक मारतो. यावर लिहायला सांगितलंत तर जपून. मुलं खरीखुरी भीती लिहितात, कधी घरातली. ते लेखन गुणांसाठी नको. वर्गात वाचायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. आणि एखाद्या मुलाला धोका आहे असं त्यातून दिसलं, तर त्याच्याशी एकट्यानं बोलायची तयारी ठेवूनच हा विषय द्यावा.