जलस्थलवासी नेचे : मार्सिलिया

बीदर जिल्ह्याच्या भालकी-औराद भागात काय किंवा कलबुर्गीच्या काळ्या रानात काय, वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. पुढे तळी आटतात, ओढ्यांच्या डबक्यांचा चिखल होतो आणि उन्हाळ्यात त्यालाही भेगा पडतात. एकाच जागी आधी जलचराप्रमाणे व मग स्थलचराप्रमाणे राहण्याची पाळी वनस्पतीवर येते. दख्खनच्या पठारावर हे साधणारी एक वनस्पती म्हणजे मार्सिलिया होय.

प्रथमदर्शनी तिच्यावरून आंबुटीचा भास होतो. परंतु आंबुटीच्या पानाला तीन दले असतात, हिच्या पानाला चार. शिवाय हिला फूल कधीच येत नाही, कारण ही नेचेवर्गातील आहे. कोवळे पान घड्याळाच्या कमानीप्रमाणे गुंडाळलेले असते, ही त्याची सहज पटणारी खूण. खोड चिखलातून रांगत जाते व पेऱ्यापेऱ्यास मुळे फुटतात.

पाणी चढले की पानांचे देठ लांबतात आणि चारही दले पृष्ठभागावर तरंगू लागतात. अशा पानांची पर्णरंध्रे केवळ वरच्या बाजूस असतात. जमिनीवरच्या पानांना ती दोन्ही बाजूंस असतात. म्हणजे पाण्याच्या पातळीनुसार पानाची घडणच बदलते.

दुष्काळासाठी हिची तरतूद वेगळीच आहे. देठांच्या तळाशी वालाच्या दाण्यासारख्या, पण आकाराने लहान अशा कठीण फलिका धरतात व त्यांत बीजुके सुरक्षित राहतात. वनस्पतिसंग्रहातील सुमारे 100 वर्षांच्या जुन्या फलिकाही रुजल्याची नोंद आहे. फलिकेचे कवच कानशीने किंचित घासून ती पाण्यात टाकली, तर काही मिनिटांत तिच्यातून बुळबुळीत दोरी अळीसारखी बाहेर पडते. हा प्रयोग घरीही करून पाहण्याजोगा आहे.

या फलिकांची एक करुण कथाही आहे. 1861 साली ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात अडकलेले बर्क व विल्स हे प्रवासी तेथील मार्सिलियाच्या फलिकांचे पीठ भरपूर खात असूनही खंगत जाऊन मरण पावले. तिच्यात ब जीवनसत्त्वाचा एक घटक नष्ट करणारे द्रव्य असते. स्थानिक आदिवासी फलिका भाजून, दळून व पाण्यात कालवून ते निष्प्रभ करीत, असे संशोधक मानतात. अन्नाची कृती न शिकता केवळ अन्न उचलल्याचा हा परिणाम.

मत्स्यालयाच्या तळाशी हिरवळ म्हणून मार्सिलियाच्या काही जाती हल्ली लावतात. खोडाचे दोन-तीन पेऱ्यांचे तुकडे बारीक वाळूत रोवावे. प्रारंभी हवेत वाढलेली पाने कुजून गळतात आणि हौशी मंडळी रोप मेले असे समजून ते उपटून टाकतात. ही घाई नडते. खोड हिरवे असेल तर काही आठवडे थांबावे. मग येणारी पाने पातळ व बुटकी असतात. पुष्कळदा त्यांना एक किंवा दोनच दले असतात, त्यामुळे हीच ती वनस्पती का, अशी शंका येते. ओलसर काचपेटीत लावल्यास मात्र चार दलांचे परिचित रूप टिकते.

फलिका पाहावयाच्या असतील तर मत्स्यालय उपयोगी नाही. एक तुकडा मातीच्या पसरट कुंडीत, पाणी भरून लावावा आणि दिवाळीनंतर ते पाणी हळूहळू आटू द्यावे.