छप्पर नसलेल्या मोटारीचे कूळ

14 एप्रिलच्या मिरवणुकीत किंवा एखाद्या वरातीत फुलांनी सजवलेली उघडी मोटार आली, की लहान मुलेच काय, म्हातारी माणसेही फुटपाथवरून दोन पावले पुढे सरकतात. लगेच कुणीतरी सांगतो, "ही एका राजाची गाडी. विलायतेहून बोटीने आणली होती." दुसरा म्हणतो, "छे, ही सिनेमातली गाडी आहे." तिसऱ्याच्या मते ती एखाद्या पारशी शेटजीची असते. प्रत्येक जुन्या उघड्या मोटारीमागे अशी एक कथा असते, आणि गाडी हातोहात विकली जाते तसतशी कथाही वाढत जाते. गाडीची किंमत तर कथेमुळेच वाढते.

माणसाला त्याचे कूळ विचारू नये, असे आपण मानतो. मोटारीला मात्र ते विचारल्यावाचून तिच्या पत्र्याला हात लावू नये.

हे सांगण्याचे कारण आहे. कुर्ला, साकीनाका, असल्फा, अंधेरी इथल्या गॅरेजमधून आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले डेंटिंग, पेंटिंग, वेल्डिंग, वायरिंग करतात. जुन्या मोटारींचे शौकीन लोक गाड्या घेतात, पण गंजलेला पत्रा कापणारे, ठोकून वळण देणारे, हूड शिवणारे हात याच मुलांचे. गाडी प्रदर्शनात गेली की खाली मालकाचे नाव लागते. ते एक असो. पण पुढे कागदपत्रांचा घोटाळा निघाला, तर पहिला फोन गॅरेजलाच येतो. म्हणून गाडी काय आहे हे आधी कारागिराला कळले पाहिजे, आणि ते त्यालाच सर्वांत आधी कळू शकते. पत्र्याच्या आतली बाजू दुसरे कोण बघतो?

समजा, घाटकोपरच्या एका छोट्या गॅरेजमध्ये मुलुंडहून एक गृहस्थ टोचन लावून गाडी घेऊन आले. दोन दारांची, लाल रंगाची, छप्पर नाही, मागे काळ्या कापडाच्या चिंध्या. कंपनीचे नाव कुठेच नाही, पुढची जाळी तिसऱ्याच गाडीची. गृहस्थ म्हणतात, "परदेशी गाडी आहे. हीच एक शिल्लक आहे." गॅरेजवाला तरुण आनंदतो. महिनोन्‌महिन्यांचे काम आहे. आगाऊ रक्कम थोडी, पण गाडी झाल्यावर विकून वाटा देण्याचे आश्वासन मोठे. घरी आई विचारते, "तोवर सामान कुणाच्या पैशाने आणायचे?" आईचा हा प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचे उत्तर गाडी नक्की कोणती यावर अवलंबून आहे.

मुंबईत उघडी मोटार येण्याच्या वाटा ठरलेल्या होत्या. जनरल मोटर्सने 1928 साली शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली आणि 1954 मध्ये ते काम बंद केले. फोर्डची जोडणीही त्याच सुमारास थांबली. त्या सुरुवातीच्या काळात उघडी गाडी म्हणजे काही श्रीमंती नव्हती. कापडी छपराची टूरर ही उलट स्वस्त गाडी असे. बंद गाडीच महाग. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स 1944 साली स्थापन झाली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लिमथ, डिसोटो या अमेरिकन गाड्या आणि 1951 पासून फियाट तयार होऊ लागली. पहिली छोटी फियाट 500, तिच्यामागून 1100. गोल पाठीच्या त्या 1100 ला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' असे नाव ठेवले. तिचे पुढचे दार उलटे उघडते. 1974 पासून 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव आले. लाल बहादूर शास्त्री मार्गावरच्या त्या कारखान्याच्या भोंग्यावर कुर्ल्यातल्या कामगार कुटुंबांचा दिवस बांधलेला असे. तिकडे मद्रासला स्टँडर्ड कंपनी 1961 पासून हेराल्ड बनवत होती.

यातल्या काही गाड्या जन्मतःच उघड्या होत्या. फियाट 500 चे कापडी छप्पर मागे गुंडाळता येई. हेराल्डचे छप्पर तर बोल्टने बसवलेले असते, बोल्ट काढले की ते उचलता येते. तिची चेसिस वेगळी आणि भक्कम आहे. पण 1100 आणि पद्मिनीला वेगळी चेसिसच नाही. तिथे पत्र्याचा सबंध डबाच गाडीचे ओझे पेलतो आणि छप्पर हा त्या डब्याचाच भाग. ते कापले की गाडी मधोमध वाकू लागते. बुटाच्या खोक्याचे झाकण काढून खोके दोन हातांनी पिळून पाहा, म्हणजे कळेल. अशा कापलेल्या फियाट मुंबईत आहेत. हौसेपायी, वरातीसाठी, चित्रीकरणासाठी त्या कापल्या गेल्या. दिसायला सुरेख, पण खड्ड्यात चाक गेले की दार आपोआप उघडते.

आता आपल्या लाल गाडीकडे वळू. आधी पाना हातात घ्यायचा नाही, वही घ्यायची. बोनेट उघडून इंजिन आणि बैठक यांच्या मधल्या पत्र्यावरची प्लेट शोधावी. तेल-चिखल रॉकेलने पुसावा, खरवडू नये. चेसिस नंबर ठोकलेला असतो. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की नंबर उमटतो. आरटीओच्या कामासाठी गॅरेजवाले असा ठसा नेहमीच काढतात. अमेरिकन गाडीच्या बॉडीच्या प्लेटवर 'स्टाइल नंबर' वेगळा असतो. ती सेदान होती की कारखान्यातूनच उघडी निघाली, हे त्यावरून समजते. नंबराभोवतीचा पत्रा वेगळ्या जाडीचा असेल, वेल्डिंगची रेघ दिसत असेल, आकडे वेडेवाकडे असतील, तर तिथेच थांबावे.

मग दारे बघावीत. जन्मतः उघड्या गाडीत पुढच्या काचेची चौकट स्वतंत्र आणि जाड असते. कापलेल्या गाडीत चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात लांबीखाली करवतीची खूण सापडते. एक लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवावे. जिथे तो धरत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे. नंतर दारे बंद करून गाडीच्या मध्याखाली जॅक लावावा आणि हळूहळू उचलावे. दाराच्या वरची फट उघडत किंवा मिटत गेली, तर गाडी वाकते आहे असे समजावे. हा साधा प्रयोग चार पैशांच्या पुस्तकी ज्ञानापेक्षा जास्त सांगतो.

रंगही बोलतो. दाराच्या आतल्या कडेला, रुपयाएवढ्या जागेत, ओला पॉलिश पेपर हलक्या हाताने घासावा. लालखाली पांढरा, त्याखाली राखाडी, असे थर एकामागून एक उघडतात. सर्वांत खाली काळा निघाला, बोनेटच्या डाव्या बाजूला बुजवलेली भोके सापडली आणि डिकीत सीएनजी टाकीच्या पट्ट्यांच्या खुणा दिसल्या, तर ही राजाची गाडी कोणत्या राज्यात फिरत होती ते कळतेच. डाव्या बाजूला टॅक्सीचा मीटर असे. मुंबईतली पद्मिनी टॅक्सी पिढ्यान्‌पिढ्या कष्टकऱ्यांची भाकरी होती. 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवला शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर 30 ऑक्टोबर 2023 रोजी तीही रस्त्यावरून गेली. टॅक्सी असण्यात कमीपणा काहीच नाही. पण मुदत संपलेल्या टॅक्सीला दुसऱ्याच गाडीचे कागद जोडून खासगी परदेशी गाडी म्हणून विकणे हा गुन्हा आहे.

नंबरप्लेटवरूनही थोडे कळते. मुंबई राज्याच्या काळातले नंबर 'बीएम'ने सुरू होत. 1960 नंतर 'एमआर', 'एमएम' अशी अक्षरे आली आणि 1989 पासून 'एमएच': ताडदेवला 01, अंधेरीला 02, वडाळ्याला 03. म्हणजे पद्मिनीवर 'बीएम' नंबर दिसला, तर प्लेट एका गाडीची आणि पत्रा दुसऱ्या गाडीचा. आपल्या लाल गाडीच्या बाबतीत असेच निघाले असे धरू. पुढची जाळी, दिवे, बंपर काढल्यावर आत जी उभी राहते ती कुर्ल्यात जन्मलेली, छप्पर कापलेली, मागची दोन दारे वेल्ड करून बुजवलेली पद्मिनी.

मालकाला हे ऐकवणे सोपे नाही. पण ते कामाला हात घालण्यापूर्वीच ऐकवावे, आणि लेखी. कारण कायदा इथे स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे, कारखान्याने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने जुन्या मोटारींसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षे झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीला 20 हजार रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला पाच हजार. जुना नंबर असल्यास तोच राहतो, नसल्यास 'व्हीए' अक्षरांचा नवा मिळतो. 1974 ची पद्मिनी 2024 मध्येच पन्नाशीची झाली. मात्र अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरबदल नको. कापलेले छप्पर इथेच आडवे येते. शिवाय अशी नोंद झालेली गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यायची. म्हणजे वरातीला भाड्याने देऊन खर्च वसूल करू, हा हिशेबही फसला.

मग ही गाडी भंगारात घालायची का? माझ्या मते नाही. नोंदणी खरी आणि मालकाच्याच नावावर असेल, तर दोन रस्ते राहतात. एक, भंगारातल्या दुसऱ्या पद्मिनीचे छप्पर आणि मागची दारे आणून तिला पुन्हा मूळ रूप द्यायचे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या जुन्या बाजारात हिंडणाऱ्याला पत्रा कसा शोधायचा ते सांगायला नको. काम चिकाटीचे आहे: आधी गाडी चार कोपऱ्यांवर सपाट टेकवायची, आतून लोखंडी नळ्यांचा तात्पुरता आधार द्यायचा, कर्णाकर्णी माप घेऊन दोन्ही सारखी येईपर्यंत वेल्डिंगला हात लावायचा नाही. दुसरा, ती उघडीच ठेवून रस्त्यावर न आणता शोभेसाठी, चित्रीकरणाच्या आवारात उभी करण्यासाठी ठेवायची. निवड मालकाची. पण मजुरी कामाच्या टप्प्याप्रमाणे घ्यावी, विकल्यावरच्या वाट्याच्या भरवशावर नको. सामानाचे पैसे मालकाचेच असावेत. आईला हे उत्तर पटेल.

कोणताही रस्ता घेतला तरी वर्षानुवर्षे उभे असलेले इंजिन धक्का मारून सुरू करण्याचा मोह टाळावा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, दोन दिवस मुरू द्यावे आणि मग हाताने फिरवून बघावे. टाकीतले जुने पेट्रोल ओतून टाकावे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या रबराच्या नळ्या त्याने खराब होतात. त्या आधीच बदलाव्यात, नाहीतर गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकते. आणि गाडी चालण्याआधी ती थांबली पाहिजे, म्हणून ब्रेकचे रबर, नळ्या, सिलिंडर हे काम इंजिनच्याही आधी. उघड्या गाडीत पावसाचे पाणी साठून खालचा पत्रा कुजतो. दाराखालच्या बीमला पाणी जाण्यासाठी दिलेली भोके रंगाने बुजलेली असतात, ती मोकळी करावी.

खरोखर उघडी जन्मलेली गाडी, एखादी हेराल्ड किंवा छोटी 500, हाती आली तर मात्र हूडचे काम मन लावून करावे. जुने कापड फेकू नये, उसवून त्याचेच तुकडे माप म्हणून वापरावेत. सुती दोरा भिजला की फुगतो आणि सुईची भोके बुजतात, म्हणून कॅनव्हासला तोच बरा. लोखंडी कमानी आधी सरळ करून मगच कापड ताणावे. झाल्यावर नळी लावून पंधरा मिनिटे वरून पाणी सोडायचे, एकाने आत बसायचे आणि जिथे थेंब पडेल तिथे खडूने खूण करायची. पहिल्या खेपेला पाच-सहा खुणा होतातच. मग गाडी पुन्हा कुशनवाल्याकडे.