साडेचारशे रियालमधले त्रेपन्न

आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर कोल्हापूरचे एक काका राहतात. मस्कतमध्ये सव्वीस वर्षं झाली त्यांना, आणि सध्याची त्यांची तिसरी कोरोला. मी गाडी बदलतोय हे कानावर गेल्यावर त्यांनी मला पार्किंगमध्येच गाठलं. "कुठली घेणार?" मी म्हटलं, "फोक्सवॅगन गोल्फ. जीटीआय घ्यायची की आर, एवढंच ठरायचंय." टोयोटा सोडून शहाणा माणूस दुसरी गाडी बघतो, हेच त्यांना मुळात पटलेलं नव्हतं. जरा थांबून म्हणाले, "ॲव्हरेज किती देती?"

मी पेशाने क्वांटिटी सर्व्हेयर. मस्कतच्या घाला भागातल्या एका कंत्राटदाराकडे बसून दिवसभर दुसऱ्यांच्या इमारतींतले ब्लॉक, सळया आणि काँक्रीट मोजतो. असं काही कुणी विचारलं की माझा हात आपोआप एक्सेलकडे जातो. त्या रात्री तक्ता मांडला आणि तो पुढे तीन आठवडे वाढतच गेला. बायको म्हणाली, "अरे, लग्नाआधी एवढी चौकशी केली नव्हतीस."

या गाड्यांना हॉट हॅच म्हणतात. दिसायला घरातली, पाच दारांची, मागचं झाकण उघडून आठवड्याची भाजी आणि मुलीची सायकल कोंबता येईल अशी. बॉनेटखाली मात्र गरजेपेक्षा बरंच ताकदवान इंजिन. 1976 साली फोक्सवॅगनने साध्या गोल्फमध्ये 110 अश्वशक्तीचं इंजिन घालून जीटीआय विकायला काढली, तेव्हा पाच हजार खपल्या तरी पुष्कळ असा हिशेब होता. आता आठवी पिढी चालू आहे. माझा या घराण्याशी संबंध कंपनीच्या चाकणच्या कारखान्यामुळे. चिंचवडला होतो तेव्हा माझ्याकडे पोलो होती, घरापासून तासाभराच्या अंतरावर तयार झालेली. भारतात गोल्फ जीटीआय अवतरायला 2025 उजाडलं, तीही 53 लाखांच्या घरात आणि मोजक्याच गाड्या. मस्कतमध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारात मात्र ती माझ्यासारख्या पगारदाराच्या आवाक्यात असते.

मी बघितलेल्या दोन्ही गाड्या 2016 च्या, सातव्या पिढीतल्या. इंजिन एकाच कुळातलं, दोन लिटरचं, टर्बोवालं. जीटीआय 220 अश्वशक्तीची आणि ताकद फक्त पुढच्या चाकांना. आरचा टर्बो मोठा, ताकद चारही चाकांना. युरोपात ती 300 ची होती, पण ऑस्ट्रेलिया आणि आखातासारख्या उष्ण भागांसाठी 280 ची करून पाठवली. वीस घोडे कंपनीने आधीच उन्हाला सोडून दिले होते. शून्यापासून शंभरचा वेग गाठायला जीटीआयला साडेसहा सेकंद, आरला पाचच्या आसपास. हा दीड सेकंद कितीला पडतो, हे मला काढायचं होतं.

आर सीबमधल्या एका ओमानी पोराची. मागच्या काचेवर हाताने लिहिलेली चिठ्ठी, वर अरबी, खाली इंग्रजी: विकणे आहे, आणि फोन नंबर. अंगातल्या पायघोळ दिशदाशाच्या बाह्या सरसावून तो माझ्याशी फर्मास हिंदीत बोलला. "भाई, जबल अख्दर भी जाएगी, फोर व्हील है." जबल अख्दरला चढताना बिरकत अल मौजपाशी पोलीस चौकी आहे, तिथून फोर-व्हील ड्राइव्ह गाड्याच वर सोडतात. कागदावर पोराचं म्हणणं बिनचूक होतं. पण गाडीचं पोट जमिनीपासून वीतभरसुद्धा वर नाही. चौकीवरचा पोलीस तिच्याकडे बघून काय म्हणेल, यावर मी तरी पैज लावली नसती.

जीटीआय घुब्रातल्या एका मल्याळी इंजिनिअरची. कंत्राट संपलेलं, माणूस कायमचा परत निघालेला. तिकीट काढून झालं होतं आणि गाडी अजून दारात. सीटवर जीटीआयचं ते प्रसिद्ध चौकड्यांचं कापड, माझ्या आजोबांच्या लुंगीची आठवण करून देणारं. आरमध्ये काळं लेदर. आता जुलैमध्ये दुपारी दोन वाजता उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीतल्या काळ्या लेदरवर हाफ पँट घालून बसून बघा. माझ्या तक्त्यात या बाबीला रकाना नव्हता, पण निर्णयात वजन होतं.

दोन्ही गाड्या मी बौशर-अमरात घाटावर घेऊन गेलो, त्याच दुपारच्या वेळी. हा घाट मस्कतमधल्या गाडीवेड्यांचं देवस्थान आहे. डोंगर उभा कापून काढलेला रस्ता, चढ असा की ट्रकवाल्यांना धाप लागावी, आणि माथ्यावरून खाली समुद्रापर्यंत पसरलेलं शहर. गाडीच्या पडद्यावर बाहेरचं तापमान 44. पहिल्या चढणीला आरने जो धक्का दिला तो पाठीच्या मणक्यांना आठवत राहील असा. पायाखालून जमीन ओढून घेतल्यासारखं वाटतं, चाकं एकदाही जागच्या जागी गरगरत नाहीत, गाडी नुसती निघते. दुसऱ्या चढणीलाही तीच मजा. तिसऱ्या वेळी मात्र काहीतरी हरवलं होतं. आवाज तोच, पाय तेवढाच दाबलेला, पण गाडी जरा विचार करून चालल्यासारखी.

याचं कारण बिघाड नव्हे, हवा. 15 अंशांच्या मानाने 45 अंशांची हवा जवळजवळ एक दशांशाने विरळ असते, म्हणजे इंजिनाच्या प्रत्येक घोटात प्राणवायू कमी. टर्बो ती तूट भरून काढायला हवा दाबतो, आणि दाबली की हवा आणखी तापते. ती गार करायला पुढे इंटरकूलर असतो, पण त्याला गार करणारा वाराच 44 अंशांचा. तापलेल्या हवेत पेट्रोल वेळेआधी पेट घेऊ लागतं, इंजिनात टकटक सुरू होते. म्हणून इंजिनाचा संगणक ठिणगीची वेळ मागे सरकवतो आणि टर्बोचा दाब उतरवतो. इंजिन वाचतं, ताकद कमी होते. शिवाय एसी पूर्ण जोरात चालू, त्याचा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच जिवावर फिरतो. जीटीआयचंही हेच झालं, पण मुळात कमी असल्यामुळे कमी गमावलं. आपल्याकडे जास्त असलं की जास्त बुडतं, हे शेअर बाजारवाल्यांना समजावून सांगायला नको.

या घाटाच्या पलीकडे अमरातवरून रस्ता कुरियातला जातो. जून 2018 मध्ये तिथे एका पूर्ण दिवसात पारा 42.6 च्या खाली उतरलाच नाही. रात्री झोपण्याच्या वेळीसुद्धा. जगातलं नोंदलं गेलेलं सर्वांत उष्ण किमान तापमान म्हणून ते गाजलं. अशा मुलुखात युरोपातल्या मासिकातले पाच सेकंद आणि साडेसहा सेकंद हे पत्रिकेतल्या गुणांसारखे धरावेत.

आता काकांचं ॲव्हरेज. मी 2014 साली इथे आलो तेव्हा 95 ऑक्टेनचं पेट्रोल लिटरला 120 बैसा होतं, हजार बैसांचा एक रियाल. जानेवारी 2016 पासून सरकारने भाव बाजाराशी जोडला आणि गल्फमध्ये पेट्रोल पाण्यापेक्षा स्वस्त ही म्हण हळूहळू ऐकू येईनाशी झाली. नोव्हेंबर 2021 मध्ये सुलतानांच्या आदेशाने कमाल मर्यादा घातली गेली, 95 ला 239 बैसा. पुण्यातल्या भावाच्या साधारण निम्मे. माझं वर्षाचं फिरणं पंधरा हजार किलोमीटर. जीटीआय माझ्या चालवण्यात लिटरला अकराहून किंचित जास्त देईल, आर साडेनऊहून किंचित जास्त. वर्षाला 323 रियाल आणि 376 रियाल. फरक त्रेपन्न. काकांना आकडे सांगितले तर ते अकरावरच अडले. "अकरा? माझी पंधरा देती." पुढचं त्यांना ऐकायचं नव्हतं.

पण खरा पैसा पुढेच होता. आरच्या टायरपाशी मी उकिडवा बसलो. टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथे लिहिलं होतं 1119. म्हणजे 2019 च्या अकराव्या आठवड्यात तयार झालेला टायर. नक्षी भरपूर शिल्लक होती, पोरगा तेच दाखवत होता. पण कडेच्या रबरावर नखाच्या रेषेएवढ्या बारीक भेगा, थंडीत टाचांना पडतात तशा. इथे टायर झिजून मरण्याआधी उन्हाने वाळून मरतो. 120 च्या वेगात, तापलेल्या डांबरावर असा टायर फुटला तर पुढचं कुणाच्या हातात नाही. नवीन चार टायर लागणार हे नक्की होतं. आरची चाकं 19 इंची, जीटीआयची 18. वादी कबीरमध्ये दुकानदाराने 18 इंचीच्या चार टायरना 180 रियाल सांगितले आणि 19 इंचीना 260. शिवाय आर शंभरेक किलो जड आणि चालवणारा सहसा माझ्याहून तरुण, त्यामुळे टायर संपतातही लवकर.

मग आणखी किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी. दोन्हींच्या डीएसजी गिअरबॉक्सचं तेल साठ हजार किलोमीटरला बदलावं लागतं, ते सारखंच. पण आरमध्ये मागच्या चाकांना ताकद पोचवणारा हाल्डेक्स नावाचा क्लच असतो, त्याचं तेल दर तीन वर्षांनी वेगळं. जुन्या बाजारातल्या बऱ्याच मालकांना तो आहे हेच माहीत नसतं. ब्रेकच्या चकत्या मोठ्या, 340 मिलिमीटरच्या. साध्या जीटीआयच्या 312. मोठी चकती म्हणजे मोठं बिल. पूर्ण विम्याला मला 130 आणि 205 रियाल सांगितले. एका गॅरेजवाल्याने तर, नाव कशाला घ्या, तपासणीचे पैसे घेऊन गाडी लिफ्टवर न चढवताच "सब ठीक है" असा कागद हातात दिला. मी त्याला टायरवरचे चार आकडे काय सांगतात ते विचारलं. म्हणाला, कंपनीचा नंबर असतो.

आणि शेवटचा रकाना, ज्यापुढे बाकी सगळे पोरकट ठरतात: विकताना काय येतील. आम्ही इथे व्हिसावर राहणारी माणसं. घर भाड्याचं, मुलीची शाळा इंडियन स्कूल, आणि नोकरी गेली तर आवराआवरीला मोजके आठवडे. गाडी विकायची म्हणजे सावकाश चांगलं गिऱ्हाईक शोधत बसायचं नसतं. विमानाच्या तारखेआधी विकायची असते. म्हणूनच सगळे कोरोला घेतात, आणि खरं सांगायचं तर काकाच बरोबर आहेत. कोरोलाला गिऱ्हाईक संध्याकाळी मिळतं. जीटीआयला शोधावं लागतं. आरला वेडा भेटावा लागतो. जीटीआय 3,200 ला मिळत होती, आर 5,000 ला. आणि तीन वर्षांनी घाईत विकायची वेळ आली तर आरवर सातशे रियाल जास्त बुडतील असा माझा अंदाज. वर्षाला 233.

बेरीज केली. पेट्रोल त्रेपन्न, विमा पंच्याहत्तर, टायर पन्नास, तेल-ब्रेक चाळीस, घसारा 233. साडेचारशे रियाल वर्षाला जास्त. त्यात पेट्रोलचा वाटा आठवा हिस्सा जेमतेम, आणि प्रश्न मात्र सगळ्यांनी मला त्याचाच विचारला होता. या साडेचारशेच्या बदल्यात मिळणार काय, तर घाटावरच्या पहिल्या दोन चढणी. रोजच्या सुलतान काबूस रस्त्यावर दोन्ही गाड्या एकाच रांगेत उभ्या असतात. हायवेला मर्यादा 120 ची आणि डोंगराआड वळलं तरी रडार.

आरच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे, तो लपवत नाही. इथे पाऊस वर्षातून चार-दोन वेळाच पडतो आणि महिनोन्महिन्यांची धूळ, तेल, टायरची राख यांचा रस्त्यावर साबण करून टाकतो. त्या दिवशी राउंडअबाउटवर पुढच्या चाकांवर चालणारी जीटीआय घसरते, स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. आर तिथे शहाण्यासारखी वागते. मला वर्षातले ते चार दिवस घरी बसणं परवडतं.

मल्याळी इंजिनिअरने गुरुवारच्या विमानाआधी मुल्कियाचे, म्हणजे गाडीच्या नोंदणीचे, कागद माझ्या नावावर केले. डिकीतून मुलाची छत्री आणि नारळ खवायची विळी काढून घेतली, दोन सुटे बल्ब आणि टायरच्या पावत्या मला दिल्या. पावत्यांवर तारखा होत्या आणि टायरवरच्या आकड्यांशी त्या जुळत होत्या. अशा माणसाची गाडी मी रंग न बघताही घेतली असती.

डिसेंबरात एका शुक्रवारी आम्ही सूरला निघालो. सकाळचे सात, बाहेर 19 अंश. जीटीआय अशी पळत होती, की जुलैतली ती हीच का असं वाटावं. कुरियातच्या अलीकडच्या चढावर मागून एक निळी गाडी आली आणि डोळ्यांची पापणी लवायच्या आत पुढे गेली. गार हवेतली आर. बायको म्हणाली, "ही घ्यायला हवी होती." पुढच्या रडारपाशी ती आमच्या पुढ्यातच होती, 120 वर. नंबरप्लेट ओळखीची होती. मागच्या काचेवर तीच चिठ्ठी, उन्हाने शाई उडालेली, फोन नंबर नव्याने गिरवलेला.